बंदराची जागा लीजवर देताना बोटीच्या प्रवाशालाही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी जागा डेव्हलपरला लांब मुदतीच्या लीजवर द्यायची आणि त्या पैशातून सेवा चालवायची, हा प्रकार आपल्याकडे आता इतका अंगवळणी पडलाय की कुणी साधा प्रश्न विचारला तरी तो विकासाच्या आड येणारा ठरतो. एसटीच्या जादा जागांसाठी सरकारने 2025 मध्ये मुदत वाढवून 49 अधिक 49 म्हणजे चक्क 98 वर्षं केली. बेस्टचे डेपो तर कधीपासूनच या रांगेत आहेत, त्यातल्या काही जागा बिल्डरना दिल्या आणि पैसे वर्षानुवर्षं थकले, बेस्ट समितीत त्यावरून किती वेळा आरडाओरडा झाला तो तुमच्याच पेपरात वाचलाय. आता समुद्राकडची पाळी दिसतेय म्हणून हे पत्र. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर मुंबई पोर्टची, म्हणजे बंदर चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, साधारण 1800 एकर जागा आहे, तिच्यावर काय काय होणार याची चित्रं दर दोन-चार वर्षांनी छापून येतात, त्यात झाडं असतात, सायकलवाले असतात, काचेच्या इमारती असतात, लाँचमधून पिशव्या घेऊन उतरणारं माणूस मात्र मी एकाही चित्रात बघितलेलं नाही.

मला फक्त बोटीच्या धक्क्यांबद्दल बोलायचंय. डेपो आणि धक्का यांना एकाच मापाने मोजणारे एक गोष्ट विसरतात (की विसरल्यासारखं करतात, देव जाणे), डेपो गैरसोय करून का होईना पण दोन किलोमीटर पलीकडे हलवता येतो, धक्का हलवता येत नाही. पाणी पुरेसं खोल पाहिजे, वाऱ्या-लाटेपासून आडोसा पाहिजे, मागे रस्ता आणि जवळ स्टेशन पाहिजे, हे सगळं एका ठिकाणी जुळून येईल अशा जागा मुंबईच्या किनाऱ्यावर बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. भाऊचा धक्का, गेटवे, ससून डॉक, तिकडे वर्सोवा, मार्वे, गोराई. यातली एक जरी कायमची अडकली तरी तिच्या बदल्यात दुसरी तयार करता येत नाही, कितीही टीडीआर (बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क) द्या.

मी माझगावला राहतो, बहीण उरणला दिलेली, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची (उरणकडच्या जेट्टीची) लाँच हा आमचा घरचाच रस्ता. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओहोटी असली की लाँच खाली जाते, मग धक्क्याच्या पायऱ्यांवरून उतरायचं, खालच्या तीन-चार पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार, एका हाताने टायर बांधलेला दोर धरायचा आणि दुसरा हात खलाशाच्या हातात द्यायचा, तेवढ्यात मागून पाटी घेतलेली मावशी ओरडत असते, अरे सर की बाजूला. म्हातारी माणसं अक्षरशः उचलून घ्यावी लागतात. पावसाळ्यात गेटवेहून अलिबागकडच्या मांडव्याच्या बोटी बंद होतात पण मोऱ्याची लाँच चालूच असते, तेव्हा या पायऱ्यांवर काय होत असेल ते तुम्हीच समजा, आणि तिकीट तेव्हा वाढलेलं असतं ते वेगळंच. मोऱ्याला पोचलात तरी संपत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी लागली की तिथल्या जेट्टीला लाँच लागतच नाही, खाली गाळ, मग दोन-तीन तास सेवाच बंद, माणसं भाऊच्या धक्क्यावर ताटकळत बसलेली. बसलेली म्हणतोय खरं, पण बसायला जागा किती आणि उभं राहायला किती ते एकदा येऊन बघा.

याच धक्क्याला लागून मार्च 2020 मध्ये मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, सुरू झाली. चांगली सेवा आहे, मी स्वतः गाडी घेऊन गेलोय, एसीत बसून चहा पीत तासाभरात पलीकडे, पेण-वडखळच्या ट्रॅफिकची आठवणही येत नाही. तिच्याबद्दल तक्रार अजिबात नाही. तक्रार ही की त्याच पाण्यावर, त्याच धक्क्याच्या शेजारी दोन वेगळी जगं तयार झाली आणि पैसा कुठल्या जगाच्या मागे जातो हे डोळ्यांना दिसतंय. उद्या इथे टर्मिनल म्हणून मोठी इमारत आली, वर ऑफिसं, रेस्टॉरंट, खाली दुकानं, आणि साठ-सत्तर वर्षांचं लीज झालं, तर त्या लीजवाल्याला मोऱ्याच्या लाँचचा प्रवासी हवा असेल का? प्रामाणिकपणे सांगा. मासळीची पाटी, बर्फाची हातगाडी, ओले गमबूट, हे त्याच्या लॉबीत त्याला चालेल? तो हाकलणार नाही कुणाला, तसं करायची गरजच नसते, आधी गेट मागच्या बाजूला जातं, मग हातगाडीला वेळ ठरते, मग सिक्युरिटी पाटी उघडून बघायला लागते, आणि दहा वर्षांनी कुणीतरी अहवालात लिहितं की प्रवासी संख्या घटल्याने ही फेरी परवडत नाही.

प्रवासी घटले हे आत्ताच ऐकू यायला लागलंय. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणची लोकलही, दोन्ही चांगल्या गोष्टी, आमची बहीण आता बऱ्याचदा लोकलनेच येते. पण म्हणून धक्का जादा झाला, सरप्लस झाला असं कुणी म्हणायला लागलं तर ते चूक आहे, पूल बांधला की बोट संपते हे सगळ्या जगाने एकदा करून बघितलंय आणि नंतर पस्तावलंय. त्यावर पुढे बोलतो.

आधी आपल्याच मुंबईचा इतिहास, जो पोर्टच्या माणसांना तरी माहीत असायला हवा. भाऊचा धक्का हे नाव लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊंच्या नावावरून आलं, एकोणिसाव्या शतकात त्यांनी उतारूंसाठी धक्का बांधला म्हणून. म्हणजे खाजगी माणसाने लोकांसाठी काही करू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्याच शतकात दुसरीही एक गोष्ट घडली. 1858 मध्ये एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली, तिने बंदरालगत भराव घालून जमीन केली, गोद्या आणि धक्के उभे केले, आणि बघता बघता मुंबईच्या व्यापाराचा मोक्याचा किनारा एका खाजगी कंपनीच्या हातात गेला. सरकारला तेव्हा, तेही इंग्रज सरकारला ज्याला खाजगी व्यापाराचं वावडं मुळीच नव्हतं, धडकी भरली की उद्या ही मंडळी मागतील तो दर द्यावा लागेल. शेवटी 1870 च्या सुमाराला भलीमोठी रक्कम मोजून सरकारने ती मालमत्ता परत विकत घेतली, आणि 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. मुंबई पोर्टचा जन्मच मुळी यातून झालाय, की बंदराचा काठ खाजगी हातात असू नये. आणि आज त्याच संस्थेला आपण सांगतोय की काठ भाड्याने दे आणि पोट भर.

यावर उत्तर तयार असतं, लीज म्हणजे विक्री नव्हे, मुदत संपली की जागा परत मिळते. कागदावर बरोबर आहे. मुंबईत मात्र मुदत संपून सरकारी जागा सरळ परत मिळाल्याचं एक मोठं उदाहरण मला कुणीतरी सांगा. महालक्ष्मी रेसकोर्सचं लीज मे 2013 मध्ये संपलं, त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ घोडे पळतच होते, 2024 मध्ये तोडगा निघाला, 120 एकर पालिकेला मिळाली आणि 91 एकर पुन्हा क्लबलाच तीस वर्षांसाठी. बरा तोडगा म्हणायचा, निदान काही तरी हातात आलं. पोर्टच्या जमिनींचं तर विचारूच नका. कितीतरी पट्ट्यांच्या मुदती कधीच्या संपल्या, भाडेकरू जागेवरच, पोटभाडेकरू त्यांच्या खाली, भाडं किती घ्यायचं यावरून सुरू झालेली भांडणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 2004 मध्ये त्यावर निकाल आला. कोर्टाने पोर्टलाही सुनावलं की तुम्ही सरकारी संस्था आहात, हवी तशी भाडेवाढ करणाऱ्या खाजगी घरमालकासारखं वागू नका. ते योग्यच. पण म्हणजे बघा, जागा आपली, लीज संपलेलं, तरी बाहेर काढता येत नाही आणि बाजारभावाने भाडंही घेता येत नाही. अशा गावात 98 वर्षं म्हणजे विक्रीच, फक्त स्टॅम्प ड्युटीच्या कागदावर वेगळा शब्द.

आणि 98 वर्षं म्हणजे किती ते जरा उलटं मोजून बघा. 2025 मधून 98 वजा केले की 1927. त्या साली जुहूचं विमानतळसुद्धा नव्हतं, कोकणातल्या चाकरमान्याला गावी जायचं तर आगबोट. त्या वेळी एखाद्या साहेबाने आजच्या मुंबईच्या गरजा ओळखून करार लिहिला असता का? सही करणारे अधिकारी रिटायर, मंत्री बदलले, त्यांचे नातू रिटायर, आणि करार मात्र चालूच. बरं मधल्या काळात नियम बदलतात तेही कायम एकाच बाजूने बदलतात, हा गिरणगावाचा अनुभव आहे. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन भाग व्हायचे होते, एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची असं ठरलं. झालं. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. एका छोट्या बदलाने किती मैदानं आणि किती घरं गेली ते लोअर परळच्या पुलावर उभं राहून कुणालाही दिसतं. तेव्हा कृपा करून कुणी मला सांगू नये की प्रवाशांचे हक्क करारात लिहिलेत, काळजी करू नका.

कुलाब्यात गेटवेच्या बाजूला रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेट्टीचं प्रकरण ताजं आहे. मेरीटाईम बोर्डाचा (राज्य सरकारची छोट्या बंदरांची संस्था) 229 कोटींचा प्रकल्प, कुलाब्याचे रहिवासी विरोधात हायकोर्टात गेले. खरं सांगायचं तर माझी सहानुभूती पूर्णपणे त्यांच्याकडे नव्हती. गेटवेला सुट्टीच्या दिवशी काय हाल असतात, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर उड्या मारत उतरावं लागतं, तिथली गर्दी कमी करायला दुसरी जेट्टी हवीच होती, आणि आमच्या खिडकीसमोर नको या सुराला तर काही अंत नसतो. पण त्यांचा एक मुद्दा शंभर टक्के खरा होता की जेट्टीच्या नावाखाली अँफीथिएटर, रेस्टॉरंट, व्हीआयपी लाउंज, दीडशे गाड्यांचं पार्किंग हे सगळं कशाला? जुलै 2025 मध्ये हायकोर्टाने प्रकल्पाला परवानगी दिली पण अटी घातल्या, अँफीथिएटरची जागा फक्त बोटीची वाट बघणाऱ्या प्रवाशांना बसायला, करमणुकीचे कार्यक्रम नाहीत, आणि खाण्याच्या ठिकाणी फक्त पाणी आणि पाकीटबंद पदार्थ, बसून जेवणखाण नाही. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. आता मला सांगा, जेट्टीवरच्या बाकांवर प्रवाशांनीच बसावं हे लिहायला हायकोर्टाचे न्यायमूर्ती लागले! हे टेंडर काढणाऱ्याला सुचायला नको होतं? आणि पंधरा वर्षांनी तिथे पाकिटाबाहेरची पावभाजी मिळायला लागली की तपासायला कोण जाणार, परत कुलाबेकरांनीच वकील लावायचा?

बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलबद्दल मी वाईट बोलणार नाही. 20 सप्टेंबर 2025 ला त्याचं उद्घाटन झालं, पीपीपीवर, म्हणजे सरकार आणि खाजगी कंपनीच्या भागीदारीत बांधलंय, खालच्या मजल्यांवर इमिग्रेशन-चेकइन आणि वर व्यावसायिक जागा. क्रूझचा प्रवासी सामान घेऊन येतो, पासपोर्ट दाखवतो, चार तास थांबतो, त्याला इमारत लागतेच, वरच्या मजल्यांच्या भाड्यातून खर्च निघत असेल तर निघू दे. पण तोच साचा उचलून रोजच्या फेरीच्या धक्क्यावर बसवायचा नाही. रोजच्या प्रवाशाला इमारत नकोच आहे मुळात. त्याला शेड पाहिजे, स्वच्छ टॉयलेट पाहिजे, पाण्यासोबत वरखाली होणारा तरंगता फलाट पाहिजे म्हणजे शेवाळाच्या पायऱ्या सुटतील, गाळ काढलेला पाहिजे, आणि बोट वेळेवर पाहिजे. यातल्या एकाही गोष्टीला एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी) लागत नाही.

इमारत बांधली की बोटी आपोआप येतात असं समजणाऱ्यांनी नवी मुंबईत जाऊन यावं. बेलापूरची जेट्टी आठ कोटींहून जास्त खर्चून झाली, 17 फेब्रुवारी 2022 ला वॉटर टॅक्सीचा गाजावाजा, स्पीडबोटीचं तिकीट आठशेच्या वर. लोकलचा पास काढणारा माणूस आठशे रुपये देऊन भाऊच्या धक्क्याला कशाला येईल, फोटो काढून झाले आणि सेवा गळपटली. नेरूळला सिडकोने 111 कोटींची जेट्टी बांधली, ती तयार होऊन कितीतरी काळ नुसती पडून. आता विचार करा की अशी नुसती पडून असलेली टर्मिनलं डेव्हलपरच्या ताब्यात असती तर? बोट नाही, प्रवासी नाही, मग एवढी जागा वाया का घालवायची, बँक्वेट हॉल करू. त्याला दोषही देता येणार नाही, त्याच्या कर्जाचे हप्ते बोटीवर अवलंबूनच नाहीत.

आता तो पूल बांधून पस्तावल्याचा किस्सा. सॅन फ्रान्सिस्कोला समुद्रावरच फेरी बिल्डिंग आहे, 1898 ची, एके काळी लाखो लोक तिथून बोटीने ये-जा करायचे. 1936 आणि 1937 मध्ये दोन मोठे पूल झाले, बोटी बंद पडत गेल्या, पुढे तर इमारतीच्या समोरून डबल डेकर फ्रीवे नेला, शहराचा आणि पाण्याचा संबंधच तुटला. 1989 च्या भूकंपात तो फ्रीवे खिळखिळा झाला आणि नंतर पाडून टाकला तेव्हा लोकांना परत पाणी दिसलं. मग पोर्टने ती इमारत दुरुस्त करून घ्यायला डेव्हलपरला लांब लीजवर दिली, तिथे 66 वर्षांपलीकडे लीज देता येत नाही असा कायदाच आहे, आणि 2003 मध्ये ती बाजार आणि ऑफिसं म्हणून उघडली. हे उदाहरण आपल्याकडचे कन्सल्टंट आवडीने देतात, बघा बघा लीजवर दिलं आणि किती छान झालं. अर्धंच सांगतात. इमारत लीजवर दिली, पण मागचे बोट लागायचे फलाट सार्वजनिक संस्थांकडेच राहिले, आणि प्रवासी परत वाढले तेव्हा तिथल्या सार्वजनिक फेरी संस्थेने 2020 मध्ये तिथे नवीन फलाट बांधले, दुकानदाराला विचारायला जावं लागलं नाही. म्हणजे ओटा भाड्याने दिला पण उंबरा स्वतःकडे ठेवला. आपल्याकडे लीजच्या नकाशावर लाल रेघ मारतात ती थेट पाण्यापर्यंत.

एवढ्या लांब जायला नको असेल तर कोची आहे. तिथली वॉटर मेट्रो एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली, चालवणारी सरकारी कंपनी, टर्मिनल तिची, बोटी तिच्या, सुरुवातीचं तिकीट वीस रुपयांपासून. बेटांवरची साधी माणसं त्यातून जातात आणि एसीत बसून जातात. आपल्या सरकारने मुंबईच्या वॉटर मेट्रोचा अभ्यास त्याच कोचीवाल्यांकडे दिलाय, छान झालं, पण त्यांच्या बोटींची कॉपी करताना मालकी कुणाची ठेवली तेही उतरवून घ्या.

पोर्टची अडचण मला कळते. 1989 मध्ये समोर न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, इथे उत्पन्न कमी आणि हजारो पेन्शनरांचा बोजा. आमच्या चाळीतच पोर्टचे किती रिटायर लोक आहेत, त्यांची पेन्शन वेळेवर मिळालीच पाहिजे. गोदामांच्या मागच्या जमिनी, रस्त्याकडच्या जमिनी द्या की भाड्याने, चांगलं भाडं घ्या, कोण नको म्हणतंय. पण त्यातून आलेल्या पैशाचा एक ठराविक वाटा धक्क्यांवरच खर्च होईल, मोऱ्याचा गाळ दरवर्षी उपसला जाईल, असं कुठे लिहून ठेवलंय का? गाळ काढायचं म्हटलं की कुणाच्या हद्दीत आणि कुणाच्या बजेटमधून यावर पत्रव्यवहार, मुंबईकडचा धक्का पोर्टचा, पलीकडची जेट्टी मेरीटाईम बोर्डाची, लाँचवाल्यांची संस्था तिसरी. त्यात 2018 पासून पोर्टला स्वतःच्या जमिनीचं विशेष नियोजन प्राधिकरण केलंय, म्हणजे जमिनीचा मालक तोच, नकाशा काढणाराही तोच आणि भाडं घेणाराही तोच. मग प्रवाशाच्या वतीने बोलणारा त्या टेबलावर कोण?

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण 1996 च्या शेवटी सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात बियास नदीकाठची जमीन एका मोटेलला लीजवर दिली होती ती रद्द केली, आणि सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं या गोष्टींचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. पोर्टच्या नावातच इतकी वर्षं ट्रस्ट होता. आता 2021 च्या कायद्याने तो पोर्ट ऑथॉरिटी झाला, आम्ही मात्र अजून पोर्ट ट्रस्टच म्हणतो.

तर माझं म्हणणं असं की कुठल्याही फेरीच्या धक्क्याचं लीज करायचंच असेल तर पाण्याच्या काठापासून निदान तीस मीटरचा पट्टा, पायऱ्या, फलाट, तिकीट खिडकी, आणि रस्त्यापासून तिथपर्यंत जाणारी हातगाडी जाईल एवढी रुंद वाट हे लीजच्या नकाशातून बाहेर ठेवा, देखभालीलासुद्धा डेव्हलपरकडे देऊ नका. मुदत तीस वर्षांच्या वर नको, आणि आपोआप नूतनीकरण तर नकोच, ज्याला तीस वर्षांत खर्च वसूल होत नाही त्याला बोटीचा धंदा करायचा नाहीये, जमिनीचा करायचाय. इमारतीला ओसी (वापर परवाना) मिळायच्या आधी प्रवाशांची शेड आणि टॉयलेट चालू झालेलं पाहिजे, नाहीतर मॉल पहिल्या दिवशी उघडतो आणि टॉयलेट फेज टूमध्ये जातं. फेऱ्या ठरलेल्या संख्येच्या खाली गेल्या तर वरचा व्यावसायिक वापरही थांबेल अशी अट घाला, मग बघा डेव्हलपरच स्वतः लाँचवाल्यांच्या मागे लागतो की नाही. सबलीजला परवानगी देऊच नका, कारण पोर्टच्या जमिनींवर पोटभाडेकरूंनी जो घोळ केलाय तो तीन पिढ्यांनी निस्तरला नाही. आणि वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी असल्या छोट्या फेऱ्यांच्या जेट्ट्या तर या भानगडीत आणूच नका, तिथे स्थानिक कोळी बांधवांच्या सोसायट्या पिढ्यानपिढ्या लोकांना पलीकडे नेतायत, त्यांच्या जेट्टीची डागडुजी करून द्या एवढंच पुरे.

करार इंग्रजीत शंभर पानांचा असतो, वेबसाईटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पीडीएफ टाकतात आणि म्हणतात आम्ही पारदर्शक आहोत. त्यातल्या मुदत, भाडं आणि प्रवाशांच्या सोयी या तीन गोष्टी मराठीत एका बोर्डावर लिहून तिकीट खिडकीशेजारी लावा, दुपारचा पेपर वाचतो तसं माणसं उभं राहून वाचतील, लाँच सुटेपर्यंत वेळच वेळ असतो. हरकती-सूचनांची सुनावणीही बॅलार्ड इस्टेटच्या एसी हॉलमध्ये मंगळवारी दुपारी तीनला ठेवू नका, तेव्हा उरणचा माणूस कामावर असतो आणि कोळीण बाजारात. संध्याकाळच्या लाँचच्या आधी तासभर धक्क्यावरच एक टेबल टाका, दोन अधिकारी बसवा, आणि त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आहे तेवढं बघून या.

आपला,
माझगावचा एक वाचक